फळाची आशा आणि फळाची नोंद

कर्म करावें, फळाची आशा धरूं नये, हा उपदेश आपल्या समाजांत इतका परिचित झाला आहे कीं, त्याचा नेमका अर्थ काय हें विचारण्याचें आतां कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परीक्षेंत मुलगा नापास झाला म्हणजे घरांतील वडील मंडळी ह्याच शब्दांनीं त्याची समजूत घालतात. एखाद्या संस्थेचें कार्य दहा वर्षें चालूनहि त्याचा परिणाम कोठें दिसत नसला, म्हणजे तिचे चिटणीस वार्षिक सभेंत ह्याच उपदेशाचा आश्रय करतात. आणि आपलें पुस्तक कोणी वाचलें नाहीं तर ग्रंथकारहि पुढील पुस्तकाच्या प्रस्तावनेंत आपल्या निष्कामतेचा उल्लेख करण्यास चुकत नाहीं. ह्या तिन्ही ठिकाणीं शब्द एकच असले तरी अर्थ एकच आहे काय? ‘झालें तें झालें, त्याची चिंता सोड आणि पुन्हां अभ्यासाला लाग’ असें मुलाला सांगणें निराळें, आणि ‘आमच्या कार्याचें फळ काय, हें आम्हांला विचारूंच नका’ असें सभासदांना सांगणें निराळें. पहिल्यांत फळाची आशा सोडावयास सांगितलें आहे; दुसऱ्यांत फळाकडे पाहण्याचेंच नाकारलें आहे. ह्या दोन गोष्टी एक तर नव्हेतच, पण पुष्कळदां त्या परस्परविरोधी असतात, असें मला वाटतें. आणि तें दाखविण्यासाठीं मी ह्या लेखांत एखाद्या भाष्यग्रंथाऐवजीं एका खेळाचा आधार घेणार आहें. तो खेळ म्हणजे गोल्फ.

वाचकांपैकीं फार थोड्यांनीं हा खेळ प्रत्यक्ष खेळला असेल. आपल्या देशांत तो जुना आहे खरा. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालीं स्थापन झाला, आणि पुण्यासहि येरवड्याच्या बाजूस गोल्फचें मैदान आहे. परंतु क्रिकेट जसें आपल्या गल्लीबोळांत शिरलें तसा हा खेळ कधीं शिरला नाहीं. म्हणून त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. विस्तीर्ण मैदानांत अंतराअंतरावर अठरा खळगे केलेले असतात. प्रत्येकाचें तोंड सवाचार इंच रुंद, म्हणजे एखाद्या वाटीएवढें. ह्यांना खेळाडू ‘होल’ म्हणतात. ठराविक जागेवरून चेंडू मारावयास आरंभ करावयाचा आणि तो जेथें जाऊन पडेल तेथून पुन्हां मारीत मारीत त्या होलांत घालावयाचा. हें अंतर कोठें दीडशें यार्ड, तर कोठें पांचशें यार्डांहूनहि अधिक असतें. आणि वाटेंत वाळूचे खड्डे, उंच गवत, झुडपें, पाणी हीं विघ्नें असतात. निरनिराळ्या फटक्यांसाठीं निरनिराळ्या काठ्या असतात. नियमाप्रमाणें चौदापर्यंत काठ्या जवळ ठेवतां येतात. कुशल खेळाडूला एकेका होलाला किती फटके लागावे ह्याचें प्रमाण ठरलेलें असतें. त्यास ‘पार’ म्हणतात. बहुतेक मोठ्या मैदानांवर अठरा होलांचा पार ७२च्या आसपास असतो. जो कमींत कमी फटक्यांत अठरा होल पुरे करील तो श्रेष्ठ.

इतकें सांगितलें म्हणजे खेळाची रीत समजते. पण त्याचें वैशिष्ट्य दोन गोष्टींत आहे. क्रिकेटमध्यें फलंदाजाला गोलंदाजाशीं झगडावें लागतें, टेनिसमध्यें पलीकडचा खेळाडू चेंडू परतवितो. गोल्फमध्यें चेंडू आपल्या पायांशीं स्वस्थ पडलेला असतो आणि त्याला कोणी अडवीत नाहीं. फटका फसला तर दोष देण्यास दुसरें कोणी उरत नाहीं. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी कीं, मैदान एवढें मोठें आणि खेळाडू इतके विखुरलेले असतात कीं, प्रत्येकाच्या मागें पंच ठेवणें शक्य नसतें. नियमांची जबाबदारी नियमांनींच खेळाडूवर टाकलेली आहे. आपले फटके आपण मोजावयाचे, आणि आपल्या हातून नियमभंग झाला तर दंडाचा फटकाहि आपणच आपल्या नांवें मांडावयाचा. स्पर्धेंत सोबतचा खेळाडू पत्रकावर आंकडे लिहितो हें खरें. परंतु उंच गवतांत दहा पावलांपलीकडे काय झालें हें त्यालाहि दिसत नाहीं.

आतां प्रथम फळाच्या आशेचा विचार करूं. काठीचा आणि चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्या अवधींत चेंडूची दिशा, वेग आणि गिरकी हीं सर्व ठरून जातात. त्या क्षणीं बुद्धीला कांहीं करतां येत नाहीं. जें करावयाचें तें तत्पूर्वींच करून झालेलें असावें लागतें. गोल्फ शिकविणारा कोणीहि शिक्षक सांगेल कीं, नवख्या माणसाचा फटका फसण्याचें एक फार साधें कारण म्हणजे चेंडू कोठें गेला हें पाहण्याची त्याची घाई होय. स्पर्श होण्याच्या आधींच त्याचें शरीर वर उचललें जातें, आणि काठी चेंडूच्या माथ्यावरून घसटून जाते. फळ पाहण्याच्या उत्कंठेनें फळच नष्ट होतें! आसक्तीनें कर्म बिघडतें, ही गोष्ट आपण एरव्हीं प्रवचनांत ऐकतों. येथें ती दिवसांतून पन्नास वेळां डोळ्यांसमोर घडते.

आणि फटका उत्तम बसला तरी फळ हातीं येतेंच असें नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मसिद्धीचीं जीं पांच कारणें सांगितलीं आहेत, तीं ह्या खेळास किती तंतोतंत लागू पडतात हें पाहून कौतुक वाटतें. अधिष्ठान म्हणजे ही उंचसखल जमीन. कर्ता म्हणजे खेळणारा. करणें म्हणजे त्याच्या काठ्या. चेष्टा म्हणजे त्याचा फटका. आणि पांचवें दैव. स्कॉटलंडांतील समुद्रकांठच्या मैदानांवर दैव वाऱ्याच्या रूपानें वावरतें. सकाळीं जो होल दोन फटक्यांच्या टप्प्यांत असतो तोच दुपारीं वारा फिरला म्हणजे तीन फटक्यांनींहि गांठतां येत नाहीं. अचूक मारलेला चेंडू एखाद्या उंचवट्यावर आपटून वाळूच्या खड्ड्यांत जातो, आणि वेडावांकडा मारलेला चेंडू त्याच उंचवट्यावरून होलाजवळ येऊन थांबतो. अशा खेळांत जो प्रत्येक फटक्याला त्याच्या फळावरून आनंद किंवा संताप करील, त्याचें मन चवथ्या होलापर्यंतच थकून जाईल. तेव्हां फटका मारतांना फळ विसरलें पाहिजे, हा सिद्धान्त मान्य करण्यास कांहींच अडचण नाहीं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. फटका मारून झाल्यावर काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर एका हौशी खेळाडूच्या चरित्रांत फार स्पष्टपणें सांपडतें. बॉबी जोन्स हा १९०२ सालीं अमेरिकेंतील अटलांटा शहरीं जन्मला. लहानपणीं तो ईस्ट लेकच्या मैदानावर स्ट्युअर्ट मेडन नांवाच्या स्कॉटिश धंदेवाईक खेळाडूच्या मागें मागें हिंडे आणि त्याच्या फटक्याची नक्कल करी. त्यांतूनच तो खेळ शिकला. चौदाव्या वर्षीं, १९१६ सालीं, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेंत उतरला. गोल्फ हा त्यानें कधीं उपजीविकेचा धंदा केला नाहीं. त्यानें यंत्रशास्त्राची पदवी घेतली, पुढें हार्वर्ड येथें इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली, आणि कायद्याचा अभ्यास करून वकिली केली. स्पर्धांतून निवृत्त होईपर्यंत त्यानें बक्षीस म्हणून पैसा घेतला नाहीं. ‘हौशी’ ह्या शब्दाचा जो मूळ उदात्त अर्थ, म्हणजे केवळ प्रेमानें एखादी गोष्ट करणारा, तो त्याच्या ठिकाणीं पुरा लागू होता.

परंतु प्रेम असलें म्हणजे आसक्ति नसते असें मुळींच नाहीं. तरुण जोन्स अत्यंत तापट होता. फटका फसला कीं काठी फेकून देण्यापर्यंत त्याची मजल जाई. १९२१ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तो ब्रिटनच्या खुल्या अजिंक्यपदासाठीं स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूज येथें आला. गोल्फ खेळणारांना हें गांव काशीसारखें आहे. १७६४ सालीं तेथल्या मंडळींनीं आपल्या मैदानाच्या एका फेरींतील होलांची संख्या बावीसवरून अठरा केली, आणि पुढें तीच सर्व जगांत रूढ झाली. तेथील जुनें मैदान वरवर पाहतां ओसाड माळासारखें दिसतें. त्याचे खड्डे दुरून दिसत नाहींत आणि त्याच्या उंचवट्यांचा स्वभाव ओळखावयास वर्षें लागतात. तिसऱ्या फेरींत जोन्सला पहिल्या नऊ होलांसच ४६ फटके लागले. दहाव्यालाहि हाल चुकले नाहींत. अकराव्याला चेंडू वाळूच्या खड्ड्यांत गेला. त्या होलाचा आंकडा पुरा न करतांच जोन्सनें चेंडू उचलला आणि स्पर्धेंतून आपलें नांव काढून घेतलें.

ह्या कृतीचा अर्थ आपण नीट पाहिला पाहिजे. वरवर पाहणाराला ती निरिच्छतेसारखी दिसेल: ‘नको मला तुमचें अजिंक्यपद!’ परंतु वस्तुस्थिति अगदीं उलट होती. त्याला फळ इतकें हवें होतें कीं वाईट फळ डोळ्यांनीं पाहणें त्याला असह्य झालें. पत्रकावर मोठा आंकडा लिहिला जाण्यापेक्षां पत्रकच अपुरें राहिलेलें बरें, असें त्याला त्या क्षणीं वाटलें. फळाकडे पाठ फिरविणें हें पुष्कळदां आसक्तीचेंच एक रूप असतें, वैराग्याचें नव्हे. जोन्सला पुढें ह्या प्रसंगाची जन्मभर लाज वाटली, आणि ती योग्यच होती. कारण वाईट खेळणें हा कांहीं दोष नव्हे, पण वाईट खेळाची नोंद पुरी न करणें हा खेळाशीं केलेला द्रोह होता.

१९१६ पासून सात वर्षें त्याला एकहि मोठें अजिंक्यपद मिळालें नाहीं. त्याच्या अंगीं कौशल्याची उणीव होती असें नाहीं; त्याचे फटके पाहून जुने खेळाडू चकित होत. उणीव होती ती ह्या जाणिवेची कीं, आपला प्रतिस्पर्धी समोरचा मनुष्य नसून ‘पार’ हा आहे. पुढें जोन्स ‘पार’ला एका म्हाताऱ्या गृहस्थाचें रूप देऊन बोलत असे. हा म्हातारा कधीं चमकत नाहीं आणि कधीं चुकत नाहीं. तो रागावत नाहीं, हर्षितहि होत नाहीं. प्रत्येक होलाला लागतील तेवढेच फटके घेतो आणि पुढें जातो. ह्या म्हाताऱ्याच्या संगतींत चालावयास शिकल्यावर १९२३ सालीं जोन्सला अमेरिकेचें खुलें अजिंक्यपद मिळालें. १९२७ सालीं तो सेंट अँड्र्यूजला परत आला, आणि ज्या मैदानावरून तो रागानें निघून गेला होता तेथेंच चार फेऱ्यांत २८५ फटके घेऊन सहा फटक्यांच्या आघाडीनें विजयी झाला. जिंकलेला चषक त्यानें मायदेशीं न नेतां त्याच गांवीं ठेवण्याची विनंति केली. १९३० सालीं त्यानें ब्रिटनचीं व अमेरिकेचीं हौशी आणि खुलीं अशीं चारहि अजिंक्यपदें एकाच वर्षांत मिळविलीं आणि अठ्ठाविसाव्या वर्षीं तो स्पर्धांतून निवृत्त झाला.

मात्र माझ्या विषयाच्या दृष्टीनें ह्या विजयांपेक्षां १९२५ सालचा एक पराभव अधिक महत्त्वाचा आहे. त्या वर्षीं अमेरिकेची खुली स्पर्धा मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथें होती. पहिल्या फेरींत अकराव्या होलाच्या वेळीं जोन्सचा चेंडू उंच गवतांत होता. फटका मारण्यासाठीं काठी जवळ टेकवितांना गवत हललें आणि चेंडू किंचित् सरकला. आपल्या हातून चेंडू सरकला तर एक फटका दंड, असा नियम होता; आजहि अशा गवतांत तो तसाच आहे. चेंडू सरकलेला दुसऱ्या कोणीहि पाहिला नव्हता. अधिकाऱ्यांनीं चौकशी केली, निर्णय त्याच्यावरच सोंपविला. त्यानें दंड मांडून घेतला. चार फेऱ्यांच्या अखेरीस जोन्स आणि विली मॅक्फार्लेन ह्या दोघांचे प्रत्येकीं २९१ फटके झाले. बरोबरी मोडण्यासाठीं ते दुसऱ्या दिवशीं पुन्हां अठरा होल खेळले, तेव्हांहि बरोबरी झाली. आणखी अठरा होल खेळल्यावर मॅक्फार्लेन एका फटक्यानें जिंकला. तो दंड नसता तर जोन्स चार फेऱ्यांतच विजयी झाला असता. लोकांनीं त्याची स्तुति केली तेव्हां ती त्याला रुचली नाहीं. दरोडा न घातल्याबद्दल कोणाची स्तुति करावी, तशी ती त्याला वाटली.

१९२१चा जोन्स आणि १९२५चा जोन्स ह्यांत काय फरक पडला होता? पहिला फळावर इतका आसक्त होता कीं त्याला तें नोंदवितां आलें नाहीं. दुसऱ्याची आसक्ति इतकी कमी झाली होती कीं, कोणी न पाहिलेलें फळहि त्याला जसेंच्या तसें लिहितां आलें. निष्कामतेची ही खरी कसोटी मला वाटते. ज्याला फळाची हांव नाहीं त्यालाच फळाकडे निर्मळ दृष्टीनें पाहतां येतें. आणि ज्याला तसें पाहतां येत नाहीं त्यानें आपल्या निष्कामतेची ग्वाही देऊं नये.

जोन्स हा असामान्य पुरुष होता असें म्हणून आपण हा मुद्दा बाजूस सारूं नये. आठवड्यांतून एकदां मैदानावर जाणारा, नव्वद फटक्यांच्या खालीं कधीं न उतरलेला साधारण हौशी गृहस्थहि ह्याच प्रश्नाशीं झगडत असतो. ह्या खेळांत ‘हँडिकॅप’ नांवाची एक सुंदर व्यवस्था आहे. दुबळ्या खेळाडूच्या फटक्यांतून त्याच्या कुवतीप्रमाणें कांहीं फटके वजा करावयाचे, म्हणजे तो प्रबळाशीं बरोबरीनें खेळूं शकतो. २०२० सालीं सुरू झालेल्या जागतिक पद्धतींत खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्यांपैकीं उत्तम आठ फेऱ्यांवरून हा आंकडा ठरतो, आणि तो ५४च्या वर जात नाहीं. ह्या सर्व व्यवस्थेचा पाया एकच: प्रत्येकानें आपल्या फेरीचा खरा आंकडा द्यावा. येथें दोन प्रकारचे लोक भेटतात. एकजण दोन वाईट फटके ‘सोडून देतो’ आणि आपला आंकडा कमी दाखवितो, कारण त्याला मित्रमंडळींत मान हवा असतो. दुसरा मुद्दाम आंकडा वाढवून ठेवतो, कारण पुढच्या स्पर्धेंत जास्त फटके वजा होऊन त्याला बक्षीस मिळावयास हवें असतें. पहिल्याचा अहंकार आणि दुसऱ्याचा लोभ. दोघांच्याहि पत्रकावर त्यांचा खेळ नसतो, त्यांची वासना असते.

ह्यांत नुकसान कोणाचें? दुसऱ्यानें इतरांस फसविलें हें उघड आहे. पहिल्यानें मात्र आपलेंच नुकसान करून घेतलें, आणि तें कोणतें हें पाहण्यासारखें आहे. ‘पार’ ठरवितांना प्रत्येक होलाला शेवटच्या गुळगुळीत हिरवळीवरचे दोन फटके गृहीत धरलेले असतात. अठरा होलांचे छत्तीस, म्हणजे ७२पैकीं अगदीं निम्मे. परंतु हौशी गृहस्थ सरावास जातो तो बहुधा लांबच्या फटक्यांच्या. कारण चेंडू आकाशांत उंच जातांना पाहण्यांत एक वैभव आहे, आणि चार फुटांवरून तो हळूच होलांत घालण्यांत कांहींच नाहीं. पत्रकावर मात्र अडीचशें यार्ड गेलेला फटका आणि चार फुटांवरून हुकलेला फटका ह्यांची किंमत सारखीच, एक. जो आपली नोंद प्रामाणिकपणें ठेवतो त्याला कांहीं महिन्यांनीं कळून चुकतें कीं, आपले फटके फुकट जातात ते भलत्याच ठिकाणीं, आणि आपण सुधारूं पाहतों तें भलतेंच. जो हुकलेले फटके सोडून देतो त्याला हें कधींच कळत नाहीं. तो वर्षानुवर्षें श्रम करतो, शिक्षक बदलतो, काठ्या बदलतो, आणि होता तेथेंच राहतो. खोटी नोंद ठेवणाराला सुधारणेची वाटच बंद होते, ही गोष्ट नीतीची आहे तितकीच व्यवहाराची आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल. ‘ज्याला फळाची पर्वा नाहीं तो नोंद कशाला ठेवील? आंकडे लिहीत बसणें हीच आसक्ति नव्हे काय?’ असें कोणी विचारील. माझें उत्तर असें कीं, आसक्ति आंकड्यांत नसते, तो आंकडा विशिष्टच असावा ह्या आग्रहांत असते. वैद्य रोग्याची नाडी पाहतो ती आपल्या कीर्तीसाठीं नव्हे. पुढें औषध कोणतें द्यावें हें ठरविण्यासाठीं. आपल्याकडे गीतेवर ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध करणारे टिळक हे एके काळीं फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत असत, हें मला ह्या संदर्भांत मोठें अर्थपूर्ण वाटतें. गणिताच्या माणसाला उत्तर काय यावें ह्याचा आग्रह नसतो; पण उत्तर काय आलें ह्याविषयीं तो कमालीचा काटेकोर असतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. नोंद म्हणजे सत्य नव्हे. नोंदीचीच पूजा होऊं लागली तर अन्याय होतो. ह्याचें उदाहरणहि ह्याच खेळांत आहे. जोन्सनें ज्या मैदानाच्या स्थापनेंत पुढाकार घेतला त्या ऑगस्टा येथें, १९६८च्या मास्टर्स स्पर्धेंत, अर्जेंटिनाचा रॉबर्टो डी व्हिसेन्झो शेवटच्या दिवशीं अपूर्व खेळला. तो त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. सतराव्या होलाला त्यानें तीन फटके घेतले. सोबत्यानें चुकून चार लिहिले. डी व्हिसेन्झोनें तें न पाहतां सही केली. नियमाप्रमाणें सही केलेला मोठा आंकडाच कायम झाला, त्याच्या ६५चे ६६ झाले, आणि बॉब गोल्बीशीं बरोबरी होऊन पुन्हां खेळण्याची त्याची संधि गेली. हजारों लोकांनीं डोळ्यांनीं तीन फटके पाहिले होते! ह्या निकालाला न्याय म्हणणें मला जड जातें. तरीहि दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. डी व्हिसेन्झोनें सोबत्याला दोष न देतां तो स्वतःकडे घेतला. आणि ह्या प्रसंगीं जें चुकलें तें नोंद ठेवण्याचें तत्त्व नव्हे, नोंद तपासण्याचें काम चुकलें. आंकडा हा सत्याचा नोकर आहे, मालक नव्हे. परंतु नोकर एकदां चुकला म्हणून नोकरच ठेवूं नये, हा त्यावर उपाय होत नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, हा श्रीमंतांचा खेळ. त्याला लागणारी जमीन आणि पाणी पाहिलें म्हणजे त्यांतून नीति शिकण्याची कल्पनाच विचित्र वाटते. आपल्या देशापुरतें हें म्हणणें पुष्कळ अंशीं खरें आहे, आणि मी त्याचा प्रतिवाद करीत नाहीं. सेंट अँड्र्यूजचें मैदान मात्र सार्वजनिक आहे. गांवचे सामान्य लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत, आणि एरव्हीं रविवारीं खेळ बंद असतो तेव्हां त्याच हिरवळीवरून लोक फिरावयास जातात. शिवाय दृष्टान्ताचा उपयोग त्यांतील तत्त्वापुरता करावयाचा असतो. दृष्टान्त ज्या घरांतून आला त्या घराच्या संपत्तीशीं आपल्याला कर्तव्य नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. गोल्फ खेळणारानें खोटी नोंद ठेवली तर बहुधा त्याचेंच नुकसान होतें. आपल्या समाजांत ‘निष्काम’ हा शब्द ज्या ठिकाणीं वापरला जातो तेथें मात्र नुकसान दुसऱ्याचें होतें, आणि म्हणूनच हा प्रश्न मला केवळ तात्त्विक वाटत नाहीं. आम्हां अध्यापकांच्या धंद्यांतलेंच उदाहरण घेतों. ‘शिकविणें आमचें काम, समजणें न समजणें हें मुलांचें दैव,’ हें वाक्य मीं गेल्या तीस वर्षांत पुष्कळ तोंडून ऐकलें आहे, आणि तें उच्चारणारांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सात्त्विक शांतिहि पाहिली आहे. वर्गांत व्याख्यान देत असतांना निकालाची चिंता नसावी हें खरें. त्या वेळीं विषय आणि समोरचीं मुलें ह्यांखेरीज दुसरें कांहीं मनांत असूं नये. पण तास संपल्यावर, किती मुलांना समजलें, किती मुलांना समजलें नाहीं, आणि जें समजलें नाहीं तें कोठें अडलें, हें पाहण्याचें ज्यानें टाळलें, त्यानें फळाची आशा सोडलेली नसते. त्यानें मुलांना सोडलेलें असतें. ज्याचे हुकलेले फटके नोंदले गेले नाहींत त्याला ते पुन्हां मारावे लागत नाहींत. पण येथें ते फटके मुलाच्या आयुष्याच्या पत्रकावर चढतात.

संस्थांचेंहि असेंच आहे. दहा वर्षें चालविलेल्या प्रौढशिक्षणाच्या वर्गांतून किती जणांना पत्र वाचतां येऊं लागलें, वसतिगृहांतून बाहेर पडलेल्या किती मुलांचा संसार मार्गीं लागला, हें विचारणाराला आपण ‘फळ मोजणारा’ म्हणून हिणवतों. वस्तुतः तोच त्या कार्याचा खरा स्नेही होय. घरांतहि, मुलाला आपण जन्मभर केलेला उपदेश त्याच्या कितपत उपयोगीं पडला, हें डोळे उघडून पाहण्याचें धैर्य किती आईबापांना असतें? ‘आम्हीं आमचें कर्तव्य केलें’ असें म्हणून हिशेबाची वही मिटवून टाकणें सोपें असतें. १९२१ सालीं सेंट अँड्र्यूजच्या अकराव्या होलावरून निघून जाणाऱ्या त्या तरुणाइतकेंच तें सोपें असतें. फक्त त्यानें रागानें केलें, आणि आपण तें धर्माच्या नांवानें करतों.

जोन्सच्या आयुष्याची अखेर सुखाची झाली नाहीं. मज्जारज्जूच्या दुर्धर रोगामुळें १९४८ नंतर त्याला खेळतां आलें नाहीं, आणि शेवटीं चालतांहि येईना. १९५८ सालीं सेंट अँड्र्यूजच्या नगरानें त्याला आपलें नागरिकत्व बहाल केलें. त्याच्यापूर्वीं हा मान मिळालेला अमेरिकन गृहस्थ म्हणजे १७५९ सालचा बेंजामिन फ्रँक्लिन. १९७१ सालीं तो वारला, आणि पुढच्या वर्षीं जुन्या मैदानाच्या दहाव्या होलाला त्याचें नांव देण्यांत आलें. अकराव्याला तो १९२१ सालीं हरला होता हें त्या गांवाला माहीत होतें. त्यानें स्वतः तें कधीं लपविलें नव्हतें.

कर्म करतांना फळ विसरणें आणि कर्म झाल्यावर फळ जसें असेल तसें लिहून ठेवणें, हीं दोन्ही मिळून एकच शिस्त होते. आपण त्यांपैकीं पहिला भाग पाठ केला आहे. दुसरा भाग आपल्या घरांत, शाळांत आणि संस्थांत अद्याप बराचसा करावयाचा राहिला आहे, आणि तो करावयास कोणी पंच येणार नाहीं.